विकतच्यासारखा

भिशी आमच्याकडे होती. दुपारभर पडलेला पाऊस नुकता उघडला होता, बायका छत्र्या व्हरांड्यात उघड्या ठेवून आत आल्या होत्या आणि सगळ्या घराला ओल्या चपलांचा वास येत होता. खायला रव्याचा ढोकळा केला होता. वर मोहरी-तिळाची फोडणी, सोसायटीतल्या झाडाचा कढीपत्ता, कोथिंबीर, थोडं ओलं खोबरं. मागच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि अगदी मनापासून म्हणाल्या, “अगं, काय झालाय! अगदी विकतच्यासारखा.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी “घ्या ना अजून” म्हणत ताट पुढे केलं. कौतुकच होतं ते आणि मला ते आवडलंही. पण सगळ्या गेल्यावर कपबशा विसळताना ते वाक्य डोक्यातून जाईना. रात्री यांना सांगितलं, तर ते म्हणाले, “मग चांगलंच की.” चांगलंच होतं. तरी काहीतरी टोचत होतं.

आमच्या लहानपणी कौतुकाची गाडी उलट्या दिशेने जायची. विकतचं काही आणलं आणि ते बरं निघालं, तर आई म्हणायची, “हं, घरच्यासारखं आहे.” हेच सगळ्यात वरचं प्रशस्तिपत्रक. खानावळींच्या पाट्यांवर अजूनही ‘घरगुती जेवण मिळेल’ असंच लिहिलेलं असतं. म्हणजे बाजार घरासारखं व्हायला धडपडतोय आणि आम्ही घरात बसून बाजारासारखं व्हायला. मधल्या कुठल्या वर्षी ही अदलाबदल झाली, ते काही मला सांगता येणार नाही. पण ढोकळ्याच्या बाबतीत वहिनींचं फारसं चुकलंही नव्हतं. आमच्या घरात ढोकळा आधी विकतचाच आला. पगाराच्या दिवशी बाबा पेठेतून परत येताना फरसाणवाल्याकडून पुडा आणायचे. पिवळाधमक, ओला, बोटाने दाबला की साखरपाणी बाहेर यायचं, सोबत तळलेल्या मिरच्या आणि ती पातळ हिरवी चटणी. पुड्याचा कागद खालून भिजून पारदर्शक झालेला असायचा. तो कागद चाटण्यावरून माझी आणि धाकट्या भावाची मारामारी व्हायची. तो बेसनाचा होता, त्याला गुजराती घरांत खमण म्हणतात आणि ढोकळा हे प्रकरण वेगळं असतं, हे कळायला बरीच वर्षं गेली. कळल्याने चवीत काही फरक पडला नाही म्हणा.

घरात वाफेवरचं काही व्हायचं नाही असं नाही. पण वाफ ही सणाची गोष्ट होती. गणपतीत उकडीचे मोदक आणि त्याआधी नागपंचमीला पुरणाची दिंडं. आमच्या सांगलीकडे नागपंचमी म्हटलं की लोकांना नागांचं बत्तीस शिराळा आठवतं. मला मात्र आजीचं ते पितळी पातेलं आठवतं. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. विळी आदल्या रात्रीच फळीवर जायची. मग उरतं काय, तर उकडणं. पातेल्यात पाणी, वर चाळण, चाळणीवर हळदीची पानं आणि त्यावर कणकेच्या चौकोनी घड्यांमध्ये बंद केलेलं पुरण. झाकण उघडलं की आधी हळदीच्या पानाचा वास यायचा आणि मग गुळाचा. आजी त्या वाफेवर तळहात शेकून घ्यायची. संधिवाताला बरं असतं म्हणायची. अळूवडी, कोथिंबीर वडीही उकडल्या जायच्या, पण ती मधली पायरी. पुढे त्या तेलात जाणारच असायच्या. वाफेतून काढलेली गोष्ट तशीच ताटात, तीसुद्धा आडवारी, सकाळी शाळेच्या आधी, ही कल्पना आमच्याकडे नव्हती. ती आणली खालच्या मजल्यावरच्या बांनी.

बा मूळच्या सौराष्ट्राकडच्या. लग्न होऊन सांगलीत आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांच्या सासऱ्यांचं हळदीचं आडत दुकान. सांगलीत गुजराती-मारवाडी घरं बरीचशी अशीच आली, हळदीच्या आणि गुळाच्या मागोमाग. बांचं मराठी आमच्यापेक्षा रोखठोक आहे. फक्त हिशेब करताना आणि रागावताना त्या गुजरातीत शिरतात. त्यांच्या घरचा खरा ढोकळा म्हणजे आंबवलेला. तांदूळ आणि डाळ भाजून गिरणीत जाडसर काढून आणायची. गिरणीवाल्याला दम द्यायचा की बारीक काढशील तर पीठ परत. मग ते आंबट ताकात कालवून रात्रभर ठेवायचं. सकाळी पीठ फुगून वर आलेलं, भांड्याला कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. हा ढोकळा पांढुरका असतो, गोड मुळीच नसतो आणि त्यावर घालतात कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि लसणाचं लाल तिखट. माझ्यासारख्या पुड्यातल्या साखरपाण्यावर वाढलेल्या मुलीला तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा आजारी माणसाचं पथ्य वाटला होता. आता तोच जास्त आवडतो, पण तेवढा घाट घालायची माझी तयारी नसते. रव्याचा ढोकळा हा बांच्या मते त्याचा घाईतला धाकटा भाऊ. पाहुणा दारात उभा असताना करायचा. “हा काय, फसवायचा ढोकळा,” असं म्हणत त्यांनी तो मला शिकवला.

फसवायचा असला तरी त्याला त्याचे नियम आहेत आणि बा त्यात तसूभर सूट देत नाहीत. रवा बारीक घ्यायचा. दही आंबट. रव्यात दही आणि थोडं पाणी घालून, मीठ, आलं-मिरचीचा ठेचा घालून अर्धा तास गप्प ठेवायचं. हा अर्धा तास घाईत गिळला की ढोकळा दाताखाली कचकचतो, कारण रव्याचा कण आतून कोरडाच राहतो. अर्ध्या तासाने झाकण काढलं की पीठ घट्ट झालेलं दिसतं. पाणी सगळं रव्याने पिऊन टाकलेलं असतं. परत थोडं पाणी घालून ते इडलीच्या पिठाइतकं सैल करायचं. तोवर पातेल्यातलं पाणी खळखळ उकळत असलंच पाहिजे आणि ताटलीला तेलाचा हात फिरवलेला असला पाहिजे. ईनो सगळ्यात शेवटी. त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही कोरडे एकत्र असतात. पाणी लागेपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत आणि लागलं की थांबत नाहीत. वरून चमचाभर पाणी शिंपडलं की पांढरा फेस उसळतो. तेव्हा एकाच दिशेने, हलक्या हाताने, पटकन फिरवायचं आणि ताटली वाफेत. इथे फोन वाजला तर वाजू द्यायचा. कारण सगळा खेळ त्या वायूचा. बुडबुडे निघून जायच्या आत बाजूचा रवा शिजून घट्ट झाला, तर तेवढ्या जागा जाळी म्हणून राहतात. पाणी नुसतं कोमट असेल तर वायू जातो आणि रवा मागे राहतो, खाली बसलेला. झाकणाला फडकं बांधायचं, नाहीतर झाकणावरचं पाणी ठिबकून ढोकळ्याला वरून चिकट खळगे पडतात. पंधरा मिनिटं. सुरी घालून बघायची, कोरडी आली की बंद. आणि मग सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे गार होईपर्यंत वड्या न पाडणं. आमच्या घरात तो कुणालाच जमत नाही. कोपऱ्यातली एक वडी नेहमी मोडकी निघते आणि ती कुणी खाल्ली ते सगळ्यांना माहीत असतं.

हळद घालायची की नाही, यावरून मात्र वरच्या आणि खालच्या मजल्यात कायमचा वाद आहे.

आमची आई हळदीच्या गावची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी तिने पेपरातून कापून देवघराच्या दाराला आतून चिकटवली होती. राजापुरी हळदीशिवाय तिला दुसरी चालत नाही. लहानपणी ती आम्हाला हरिपूरला घेऊन जायची. वारणा कृष्णेला मिळते तो संगम बघायचा, चिंचांखालून चालत जायचं, आणि वाटेत ती जमिनीतली पेवं दाखवायची. वरून नुसतं मातीने लिंपलेलं तोंड दिसतं आणि खाली खोल पोटात हळद भरलेली. त्या मातीत ती वर्षानुवर्षं टिकायची, किडायची नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हवा खेळू द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो, हे सांगताना आईचा आवाज भुताची गोष्ट सांगितल्यासारखा व्हायचा. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली. तर असल्या बाईला पांढरा ढोकळा कसा पटणार? “पिवळा नाही तर तो ढोकळा कसला,” म्हणत तिने एकदा माझ्या पिठात चिमूटभर हळद टाकली. त्या दिवशी ईनो संपला होता म्हणून खायचा सोडा घातला होता आणि दहीही गोडसरच होतं. झाकण उघडलं तर पिवळ्या ढोकळ्यावर लाल ठिपके. माझा मुलगा घाबरून म्हणाला, “आजी, रक्त!” आई मात्र वाकून बघत राहिली आणि खुदकन हसली. “अगं, कुंकू झालं की याचं.”

खरंच कुंकूच ते. मुका मार लागला की आम्हाला हळद-चुन्याचा लेप लावायचे, तो कालवता कालवता पिवळ्याचा लाल व्हायचा. तेव्हा ती जादू वाटायची. हळदीतला पिवळेपणा क्षारात गेला की लाल होतो, आंबटात आला की परत पिवळा. चुन्याने होतं तेच सोड्याने होतं. जिथे सोड्याची गुठळी न विरघळता राहिली, तिथे ठिपका. आईने लिंबू पिळून एका ठिपक्यावर टाकलं आणि तो पिवळा होताना नातवाला दाखवला. शाळेच्या प्रयोगशाळेत लिटमसचा कागद बघून त्याला काहीही वाटलं नव्हतं. पण हा ढोकळा त्याने मित्रांना दाखवायला डब्यात नेला. बांना हे कळलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “म्हणून आम्ही घालत नाय.” त्यांच्या घरात हळदीची पोती उतरायची, कपड्यांना, वह्यांना, नोटांना हळदीचा वास असायचा. ज्यांचं पोट हळदीवर चाललं त्यांनी ढोकळ्यात ती कधी घातली नाही आणि ज्यांनी कधी तागडी हातात धरली नाही त्या माझ्या आईला त्यावाचून करमेना. मी दोघींच्या मधे राहते. आई आली की पिवळा करते, एरवी पांढरा.

भिशीच्या दिवशी आई आलेली होती. म्हणजे तो पिवळा होता. ‘विकतच्यासारखा’मध्ये रंगाचाही वाटा असणार.

पण या रव्याच्या ढोकळ्याची खरी किंमत मला कळली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. त्या वर्षी नागपंचमी ५ तारखेला होती. दिंडं केली होती, उकडायचं मोठं पातेलं घासून अजून ओट्यावरच पालथं होतं, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर, हा आकडा सांगलीकर दर पावसाळ्यात एकमेकांना विचारतात. चाळीस म्हणजे सावध, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्या आठवड्यात तो सत्तावन्नच्या वर गेला. गावभागातले माझे चुलत दीर, जाऊ, त्यांची मुलं, जावेची म्हातारी आई, सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे विश्रामबागेत आले. आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण नळाला पाणी नव्हतं, वीज येऊन-जाऊन होती, दूध नव्हतं, भाजी नव्हती. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब जपून. अशा वेळी घरात जे असतं ते असतं. आमच्याकडे रवा होता. उपमा, शिरा, सांजा हे सगळं दोन वेळा झाल्यावर पोरं ताटाकडे बघेनात. तेव्हा बा वर आल्या. हातात ईनोच्या पुड्यांची आख्खी माळ. त्यांच्या घरात ती असतेच. दही नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “लिंबू आहे ना? मग रडते कशाला?” वाटण नाही, मिक्सर नाही, आंबवणं नाही. उकडायचं पाणी ओतून द्यायचं नाही, त्यातच थोडी भर घालून पुढची ताटली. पातेल्यात घाण्यामागून घाणा चालू होता आणि जावेची आई दाराशी बसून रेडिओवर पाण्याचा आकडा ऐकत होती. तिला मी पहिली ताटली नेऊन दिली. तिने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, आणि विचारलं, “आमच्या घरात आता कुठवर आलं असेल गं?” मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, “चटणी देऊ का मावशी?” तिने दे म्हटलं.

त्या दिवसांतला ढोकळा मुळीच विकतच्यासारखा नव्हता. लिंबामुळे वेगळाच आंबट, फोडणी जेमतेम, कोथिंबीर कुठून असणार. पोरांनी त्यावर भडंग टाकून खाल्ला, कारण भडंग मात्र सांगलीच्या घरात पुरातही असतं. मुलांची ही सवय नंतर सुटलीच नाही. अजूनही आमच्याकडे ढोकळ्याच्या बशीत एका बाजूला भडंगाचा ढीग असतो. बांनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आता त्याही मूठभर घेतात, पण ढोकळा संपल्यावर, वेगळं.

फरसाणवाल्याचा ढोकळा मला अजूनही आवडतो, हे सांगितलं पाहिजे. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तो बाराही महिने सारखा असतो, त्याचं कामच ते. लिंबूसत मोजून, साखरपाणी मोजून, कालचा आणि आजचा शेजारी ठेवला तर ओळखू येऊ नये. घरच्याला ते जमत नाही, कारण तो त्या दिवशीच्या दह्यावर चालतो. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी लावलेलं दही दुपारी जेवायच्या आत आंबून कढीच्या लायकीचं होतं. तेव्हाचा ढोकळा झणझणीत आंबट, त्याला फोडणीत चिमूटभर साखर लागते. डिसेंबरात दही दोन दिवस झाले तरी गोडच राहतं, मग ढोकळा असा सौम्य निघतो की चटणीवाचून घशाखाली उतरत नाही. पावसाळ्यात रवाच दमट झालेला, तो पाणी कमी पितो. नव्या सुनेला माप सांगायचं म्हटलं तरी मला महिना सांगावा लागेल. वहिनींनी खाल्ला तो नेमका असा एक दिवस होता, की दही, रवा, वाफ सगळं जुळून आलं आणि तो दुकानातल्यासारखा उठला. पुढच्या वेळी तो तसा नसेल. मला तेव्हा टोचलं ते बहुधा हेच, की एका दिवशीच्या योगायोगाला माझा हात समजून शाबासकी दिली गेली आणि ती शाबासकी ठेवायची तर दर वेळी दुकानाशी बरोबरी करत बसावं लागणार. बहुधा म्हणते, कारण दुसरीकडे खरं सांगायचं तर त्या दिवशी रात्री उरलेली एक वडी खाताना मीसुद्धा मनात म्हटलं होतं, अगदी बाबांच्या पुड्यातल्यासारखा झालाय. फक्त कागद नव्हता.

सध्या माझं खपलीचं चाललंय. खपली गहू आमच्या भागात खिरीसाठीच घेतात. रात्रभर भिजवायचा, कांडायचा, गूळ घालून तासन्‌तास शिजवायचा. हल्ली त्याचा रवाही मिळायला लागलाय, साखरेच्या माणसांना बरा म्हणून. यांची साखर जरा वर गेली, तेव्हापासून पिशवी घरात आली. मग म्हटलं, याचा ढोकळा का होऊ नये? अर्धा तास त्याला अजिबात पुरत नाही, चांगले दोन तास मुरू द्यावा लागतो. रंग लालसर येतो, हळद न घालताच. फुगतो कमी, जाळी बारीक पडते, पण चावताना गव्हाचा असा एक भरीव, भाजका वास तोंडात राहतो की पांढऱ्या रव्यात तो कधीच नसतो. परवा पहिली ताटली नीट उतरली तशी बांना हाक मारली. गुडघे दुखतात म्हणून हल्ली त्या जिना टाळतात, पण ढोकळ्यासाठी आल्या. एक वडी बोटांनी दाबून पाहिली, मोडून आतली जाळी उजेडात धरली, वास घेतला, मग खाल्ली. सावकाश.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण ढोकळा नाय हां हा.”

“मग काय आहे बा?”

“ते तुझं तू बघ. तेल आण आधी. आणि लसणाची चटणी आहे का, का भडंगच देणार आहेस?”